उपरण्याखालचे बारा महिने

“आबा, तुम्ही कीबोर्डला हात लावला होता का?”

मयूरी दारातच उभी होती. पायात चपला तशाच, खांद्याला पर्स तशीच, हातात मोबाइल. तिच्या मागून सोहेल दोन-दोन पायऱ्या गाळत जिना चढत होता. मी खिडकीपाशी बसून भाजलेल्या शेंगा फोडत होतो.

“कंच्या कीबोर्डला?”

“इथं तीन कीबोर्ड आहेत, आबा. कुठल्याही.”

“लावला असंल. धूळ बसली हुती.”

सोहेल आत आला, माझ्यासमोर मोबाइल धरून मोठ्यानं वाचायला लागला. “‘मंडळी, बैलं तुमची आहेत. विसार घेतल्यावर जनावर दुसऱ्याच्या दावणीला जात नाही. पोरगी बाजारात नवी आहे. गुरुवारी त्या दुकानाचा माणूस येणार आहे. त्याच्याशी मी बोलतो. तायाप्पा हेडी.’ ही धूळ आहे होय, आबा?”

“सगळं नीट वाचता आलं न्हवं तुला?” मी म्हणालो. “मला वाटलं, एखादा काना राहिला असंल.”

सोहेलनं डोक्याला हात लावला आणि माझ्यासमोरच्या स्टुलावर, शेंगांच्या टरफलांवरच, बसला.

ही सात वर्षांपूर्वीची गोष्ट. सांगलीत विश्रामबागेत एका पिठाच्या गिरणीच्या वरच्या मजल्यावर या दोघांचं ऑफिस होतं. मयूरी माझ्या थोरल्या मुलाची मुलगी. सोहेल मुजावर तिच्याबरोबर इंजिनिअरिंगला होता. नोकरी न करता दोघं चार वर्षं कॉम्प्युटरवरचा एक खेळ बनवत होती. खेळाचं नाव ‘खिलार’. खेळणाऱ्यानं हेडी व्हायचं, म्हणजे बैलांचा दलाल. बाजारात फिरायचं, बैलाचे दात बघायचे, चाल बघायची, भाव करायचा, फसायचं आणि शिकल्यावर फसवायचं.

आणि मी चाळीस वर्षं खरोखरचा हेडी. आटपाडीचा. खरसुंडीची जत्रा, सांगोल्याचा बाजार, सगळं पायाखालचं. म्हणून मयूरीनं मला गावाकडून उचलून सांगलीला आणलं. खेळात एक म्हातारा हेडी आहे, तो गिऱ्हाइकाची अक्कल काढतो आणि हसतो. तो आवाज माझा. ती अक्कलही माझीच काढून घेतली म्हणा.

बैलाचा सौदा चारचौघांत तोंडानं करत नाहीत. हेडी आणि गिऱ्हाईक हातात हात देतात, वरून उपरणं टाकतात, आणि खाली बोटं दाबून आकडा सांगतात. एक बोट धरलं की एक, पंजा धरला की पाच. वर तोंडानं पाऊसपाण्याच्या, पोरांच्या लग्नाच्या गप्पा. बोटं न धरता नुसती मूठ आवळली की समजायचं, विकायचं नाही. आणि उपरण्याखाली काय झालं ते दोघांपलीकडे कधी सांगायचं नाही. सौदा मोडला तरी नाही. हे सगळं त्या पोरांनी खेळात घेतलं होतं, अगदी मुठीसकट.

मला अक्षर येत नव्हतं. आवाज भरताना मयूरी एक ओळ म्हणायची, मागून मी म्हणायचो. एक दिवस ती कंटाळली. तिनं कीबोर्डवर मराठी अक्षरांच्या चिकटपट्ट्या लावल्या आणि म्हणाली, “आबा, रोज दहा बटणं.” सहासष्टाव्या वर्षी मी शिकलो तो असा. त्यामुळं माझी अक्षरं क-ख-ग अशी येत नाहीत. मला कुणी म्हणायला सांगितलं तर प-र-क-त-च-ट अशी येतात, कारण कीबोर्डावर ती तशीच एका ओळीत बसलेली आहेत.

आता भानगड काय झाली ते सांगतो.

कॉम्प्युटरचे खेळ इंटरनेटवरच्या दुकानात मिळतात. खेळणारी पोरं वर्षानुवर्षं एकाच जुन्या दुकानात जात होती. त्यांचे आधी घेतलेले खेळ तिथं, सोबती तिथं, गप्पा तिथं. आमच्या खेळाची पाटीही तिथंच लागली होती, आणि पाटीखाली ‘हवा आहे’ असं एक बटण होतं. मयूरीनं शब्द दिला होता की तयार झाला की याच दुकानात मिळेल. बेचाळीस हजार लोकांनी ते बटण दाबलं होतं. पहिल्या शंभर जणांना तिनं सांगितलं होतं, तुमच्या घरच्या बैलाचं नाव पाठवा. ती शंभर नावं खेळातल्या बैलांना दिली होती.

मग एक नवं दुकान निघालं. पैसेवालं. ते म्हणालं, खेळ पहिलं एक वर्ष फक्त आमच्याकडे ठेवा, जुन्या दुकानात नको. बदल्यात तुमचं ऑफिस दोन वर्षं चालेल एवढं देतो. सोहेलचं नुकतंच लग्न झालं होतं. सासऱ्यानं मिरजेच्या ट्रॅक्टरच्या शोरूममध्ये त्याच्यासाठी एक खुर्ची बघूनसुद्धा ठेवली होती. सोहेल लगेच हो म्हणाला. मयूरी नाही म्हणाली नाही. कागदावर सही गुरुवारी व्हायची होती, पण नव्या दुकानाला दम नव्हता. त्यांनी शनिवारीच जाहीर करून टाकलं.

आणि लोक पेटले.

पाटीखाली लिहायला जागा असते. तिथं शनिवार संध्याकाळपासून नुसता धुरळा. इंग्रजीतलं मला मुंग्या चालल्यासारखं दिसायचं, पण मराठीतलं मी एकेक अक्षर लावून वाचायचो. खरं सांगायचं तर आयुष्यात पहिल्यांदा एवढं सलग वाचलं ते या शिव्याच.

‘चार वर्षं वाट बघितली आणि विकलंत.’

‘एका खेळासाठी नव्या दुकानात खातं उघडू? माझे सगळे मित्र जुन्या दुकानात आहेत, त्यांना काय बैलगाडीत घालून तिकडं नेऊ?’

‘शेवटी हेडीच निघालात.’

हे वाचून मला जरा बरं वाटलं. आमच्या धंद्याचं नाव निघालं म्हणून.

मग रविवारी सकाळी एकानं लिहिलं, ‘माझ्या आज्याच्या बैलाचं नाव दिलं होतं. सुभान्या. तो परत द्या.’

त्याच्याखाली दुसरा, ‘माझा पाखऱ्यापण सोडा.’

तिसरा, ‘आमची चंद्री. गाय होती तरी पाठवली होती. तीपण घेऊन चाललो.’

बघता बघता रांग लागली. लोक आपापली जनावरं परत मागायला लागले. शिव्यांनी मयूरी हलली नव्हती, पण बैल परत मागितल्यावर ती जेवली नाही. रविवारी दुपारी मी तिला म्हटलं, “हात आण बघू.” उपरणं टाकलं. “महिने किती?”

“बारा, आबा,” ती म्हणाली. “ठरलंय ना आता. चेष्टा नको.”

वर ती असं म्हणाली, आणि खाली तिचा हात माझ्या हातात होता. मी उपरणं काढलं, घडी घातली आणि शेंगा आणायला खाली गेलो.

मंगळवारी दोघं कागद वाचून घ्यायला मिरजेच्या वकिलाकडे गेली. जाताना मयूरी म्हणाली, “आबा, इथं कशाला हात लावू नका हं.” मी बरं म्हटलं. तोवर त्रेसष्ट जनावरं परत मागून झाली होती.

आणि मग ते सोहेलनं वाचलं तसं झालं. मी लिहिलं, आणि बटण दाबलं.

पहिला उत्तराला आला तो ‘विट्याचा वाघ’. लोक तिथं असली नावं लावतात. त्यानं लिहिलं, ‘हेडी-बिडी नाटकं बंद करा. मशीनकडून लिहून घेताय.’

मी लिहिलं, ‘मशीन असतो तर चार ओळींना पाऊण तास लागला नसता.’

‘खरा हेडी असशील तर सांग, सहा दाती बैल किती वर्षांचा?’

‘चारच्या आसपास. विकणारा तीन सांगतो.’

‘शिंगं घासून तरणा केलेला बैल कसा ओळखायचा?’

‘शिंगाकडं बघायचंच नाही. तोंड उघडायचं.’

मग त्याच वाघानं लिहिलं, ‘आजोबा, तुमच्या पोरीनं आम्हाला फसवलं त्याचं काय?’

मी लिहिलं, ‘तिला फसवता येत असतं तर मला कळलं असतं. चाळीस वर्षं मी तेच काम केलंय.’

याला म्हणे चारशे जणांनी बदाम लावले. मला बदामांचं काही नव्हतं. माझं एक बोट दुखायला लागलं होतं. मी कीबोर्ड पुसला आणि शेंगा फोडायला बसलो. तेवढ्यात मयूरी दारात आली.

“आबा,” सोहेल स्टुलावरून म्हणाला, “हे तुमच्या नावानं नाही गेलेलं. ऑफिसच्या खात्यातून गेलंय. म्हणजे कंपनी म्हणतेय असा अर्थ होतो. आपणच लिहून दिलं, की आपण चुकलो!”

“खाली माझं नाव हाय की.”

“खाली आहे! वर कंपनीचं आहे!”

“मला काय ठावं,” मी म्हणालो. “मी खालचं बघितलं.”

सोहेलनं मयूरीकडे बघितलं. “पुसून टाक आधी.”

“पुसलं तर आणखी पेटेल,” मयूरी म्हणाली. “लोकांनी फोटो काढून ठेवलेत. म्हणतील, म्हाताऱ्याचं तोंड दाबलं.”

“मग काय करायचं? सासरा ट्रॅक्टर घेऊन येईल इथं मला न्यायला!”

मयूरीचा फोन वाजला. नवं दुकान. ती “हो… हो… समजू शकते… वयस्कर आहेत… गुरुवारी… हो” एवढंच बोलली आणि फोन ठेवला.

“गुरुवारी येणारच आहेत,” ती म्हणाली. “पण आता म्हणतात, ती पोस्ट मागं घ्या, नाहीतर सगळंच रद्द.”

“आबांना काय कळतंय!” सोहेल माझ्यासमोरच म्हणाला. “लिहायला लागून वर्षसुद्धा झालं नाही!”

“व्हय,” मी म्हणालो. “मला काय कळतंय.”

मयूरीनं आमच्याकडे पाठ केली आणि खिडकीबाहेर बघत उभी राहिली. तिचे खांदे हलत होते. सोहेलचा आवाज एकदम उतरला. “मयूरे, रडू नको. काहीतरी करू.” त्यानं तिला पाणी आणून दिलं. मलापण दिलं.

गुरुवारी अकराला नव्या दुकानाचा माणूस आला. निरंजन देवस्थळी. पुण्याचा. वय पस्तिसेक, बुटांवर पीठ बसू नये म्हणून गिरणीसमोरून उड्या मारत आलेला. आल्या आल्या मला वाकून नमस्कार केला. असा नमस्कार करणारं गिऱ्हाईक पक्कं असतं, हे मी मनात धरून ठेवलं.

“आजोबा, आपला गैरसमज झालाय,” तो म्हणाला. “यात कुणाचं नुकसान नाही. खेळ सगळ्यांना मिळणारच आहे. फक्त दुकान वेगळं. तेही एकच वर्ष.”

“बैल तोच, बाजार वेगळा. असंच न्हवं?”

“अगदी तसंच.”

“मग लोकांनी विसार कंच्या बाजारात दिला हुता?”

“विसार म्हणजे?” त्यानं मयूरीला विचारलं.

“आगाऊ दिलेली खूण,” मयूरी म्हणाली. “जनावर पक्कं केल्याची. आबा त्या ‘हवा आहे’ बटणाला विसार म्हणतात.”

देवस्थळी हसला. “आजोबा, ते नुसतं बटण आहे. त्याचा कायद्यानं काही अर्थ होत नाही.”

“विसाराचाबी कायद्यानं काय अर्थ होत न्हाई,” मी म्हणालो. “कागद नसतोय त्याला.”

तो सोहेलकडे वळून म्हणाला, “आपण मुद्द्यावर येऊ या का? बारा महिने, आणि ती पोस्ट आज मागे.”

“बसा जरा,” मी म्हणालो. “चार वर्षं खेळ केलाय पोरांनी हेड्याचा. तुमी खेळ घ्यायला आलाय. एकदा हात तरी देऊन बघा. मग काय सही करायची ती करा. म्हाताऱ्याची हौस.”

सोहेल म्हणाला, “आबा, नको.” मयूरी म्हणाली, “पाच मिनिटं सर, प्लीज. त्यांना बरं वाटेल.”

देवस्थळीनं घड्याळ बघितलं, बाही वर सारली आणि हात पुढं केला. मी उपरणं टाकलं.

“महिन्यांचं बोलू,” मी सांगितलं. “पंजा म्हंजे पाच. तोंडानं मात्र दुसरंच बोलायचं. सांगलीचं भडंग घेतलं का?”

“अं? नाही अजून. घेईन जाताना.”

खाली त्यानं पंजा दाबला, पुन्हा पंजा दाबला, मग दोन बोटं. बारा. शिकायला चपळ होता.

मी मूठ आवळली.

“म्हणजे?” तो म्हणाला.

“म्हंजे भडंग गणपतीच्या देवळाजवळ चांगलं मिळतंय.”

मयूरीनं त्याला हळूच सांगितलं, “मूठ म्हणजे नाही.”

“असं. हो का.” त्यानं दहा दाबले. माझी मूठ. त्यानं आठ दाबले. माझी मूठ. तोंडानं तो पुण्यातल्या रस्त्यांबद्दल सांगत होता आणि मी खरसुंडीच्या जत्रेत हरवलेल्या माझ्या छत्रीबद्दल. गिरणी खाली घरघरत होती. सोहेलनं नखं खायला सुरुवात केली होती.

हात हातात असला की माणूस कळतो. घाबरलेल्याचा तळवा गार असतो, हावऱ्याची बोटं आधी धावतात. याचा हात तसा नव्हता. पण मनगटाच्या खाली, करंगळीच्या बाजूला, एक घट्टा लागला. असाच घट्टा सोहेलच्या हाताला आहे. माउस घासून घासून पडतो तो.

“तुमीबी खेळता व्हय?” मी विचारलं.

“कामाचा भाग आहे ना, आजोबा.”

“कामानं एवढा पडत न्हाई.” मी जरा पुढं वाकलो, त्याच्यापुरतं बोललो. “तुमी सवताचे खेळ कंच्या दुकानातनं घेता? जुन्यातनं आसंल तर एक बोट, नव्यातनं आसंल तर दोन. खालच्या खाली सांगा. मी कुणाला सांगत न्हाई.”

त्यानं मयूरीकडे बघितलं. सोहेलकडे बघितलं. छताच्या पंख्याकडे बघितलं. मग माझं एक बोट दाबलं गेलं.

“आनि आमच्या खेळाखालचं बटण?”

पुन्हा तेच बोट, आणि या वेळी जोरात.

मी मोठ्यानं म्हणालो, “छत्री शेवटी गावलीच न्हाई.”

“अरेरे,” देवस्थळी म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते.

त्यानं पाच दाबले. मी मूठ आवळली. त्यानं तीन दाबले. मी मूठ सोडलीच नाही. मग तोही माझ्यापुरतंच बोलला, “आजोबा, मी वर काय सांगू? हा खेळ आपण घेऊ या म्हणून मीच मागं लागलो होतो. रिकाम्या हातानं गेलो तर माझी शोभा होईल.”

“रिकाम्या हातानं हेडी कुणाला वाटंला लावत न्हाई,” मी म्हणालो. “सांगा वर, जनावर विसार दिलेलं निघालं. ते दोन्ही बाजारांत उभं राहील, तुमच्याबी आनि त्यांच्याबी, एकाच दिवशी. पर गायीचं पुढचं वेत तुमच्यासाठी बांधून आणलंय.”

“पुढचं वेत?”

“पोरं काय एकच खेळ करून थांबणार हायेत? पुढचा खेळ पयला तुमच्याकडं. त्याला अजून कुणी विसार दिलेला न्हाई. त्याचं किती म्हयनं ते सांगा आता.”

वरच्या गप्पा संपल्या होत्या. खाली बोटं चालली. त्यानं दिली, मी मोडली, मी दिली, त्यानं धरली. मग हात सुटले. उपरणं काढलं तर दोघांचेही तळवे घामानं ओले.

“झालं,” देवस्थळी म्हणाला आणि स्वतःच दचकला. “म्हणजे… मला एक फोन करावा लागेल.”

तो जिन्यात उभा राहून अर्धा तास फोनवर बोलला. आम्हाला गिरणीच्या आवाजात फक्त ‘बैल’, ‘विसार’ आणि ‘नो सर, आय एम नॉट जोकिंग’ एवढं ऐकू आलं. वर आला तेव्हा त्याच्या बुटांवर पीठ होतं, पण त्याचं लक्ष नव्हतं. “निम्म्यावर जमेल,” तो म्हणाला. “दोन्ही दुकानांत एकाच दिवशी. पुढचा खेळ मात्र आमचा. आणि खरं सांगू का, लोक आमच्या नावानंही एवढे ओरडतायत की वरच्यांनाही सुटकाच हवी होती.”

सोहेलनं बोटांवर हिशेब केला. निम्म्यात ऑफिस दोन नाही, पण एक वर्ष चालणार होतं. “ट्रॅक्टर एक वर्ष लांबला,” तो म्हणाला आणि पळत जाऊन खालून चहा घेऊन आला.

त्याच दुपारी मयूरीनं पाटीखाली लिहिलं, ‘खिलार दोन्ही दुकानांत, एकाच दिवशी. बैल परत मिळणार नाहीत. ते गोठ्यातच आहेत, येऊन बघा.’

विट्याच्या वाघानं सगळ्यात आधी लिहिलं, ‘हेडी, काय दाबलंस रे त्याचं?’

मी लिहिलं, ‘उपरण्याखालचं सांगत नसतात.’

खेळ आला. लोकांनी खेळला. सुभान्या, पाखऱ्या, चंद्री सगळे बाजारात उभे होते. चंद्रीला तर मयूरीनं मुद्दाम गाय म्हणूनच उभं केलं, बैलांच्या बाजारात, आणि तिला कुणी विकत मागितलं की मी आतून शिव्या घालतो. पुढचं वेतही झालं. ते ठरल्याप्रमाणं नव्या दुकानात गेलं, आणि लोक फारसे बोलले नाहीत, कारण त्याचा शब्द आधी कुणाला दिलेला नव्हता. मिरजेची ती खुर्ची सोहेलच्या मेव्हण्यानं घेतली.

सोहेल आजही येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतो, “आमच्या आबांना तेव्हा नीट वाचता येत नव्हतं, म्हणून कंपनीच्या खात्यातून लिहिलं गेलं आणि आम्ही वाचलो.” मी मान हलवतो.

पण आता मी त्र्याहत्तरचा आहे, आणि सध्या बसल्या बसल्या लिहायची सवय लागली आहे, म्हणून लिहून टाकतो. लिहायच्या जागेवर ‘खिलार या नावाने लिहा’ असं होतं. ते मी त्या मंगळवारी तीनदा वाचलं होतं. त्यातला ख मला पहिल्यापासून आवडायचा.

का लिहिलं, तर रविवारी उपरण्याखाली तोंडानं ‘बारा’ म्हणणाऱ्या पोरीच्या हाताची मूठ होती. अशी आवळलेली की सोडवताना माझी बोटं दुखली. सोहेलसमोर तिला नाही म्हणता येत नव्हतं. त्याची खुर्ची तिकडं वाट बघत होती. मग बाजारात ज्याला अक्कल नाही असा एकच माणूस उरला होता, तो मी.

इथंवर माझी चलाखी. पण गेल्या सात वर्षांत एक गोष्ट माझ्या ध्यानात यायला लागली आहे. मयूरीच्या कॉम्प्युटरवरची अक्षरं बारीक असतात. चष्मा लावूनही मला दिसत नाहीत. मी नेहमी सोहेलच्या मोठ्या पडद्यावर वाचायचो. त्या मंगळवारी मात्र तिच्या कॉम्प्युटरवर बोराएवढाली अक्षरं होती. पान तेच उघडलेलं होतं. कीबोर्ड इंग्रजीवरून मराठीवर केलेला होता, जे मला आजही जमत नाही. खुर्ची माझ्या उंचीला खाली केलेली होती आणि तिच्यावर माझी उशी होती. आणि ‘कशाला हात लावू नका’ असं त्या पोरीनं मला आधी कधीच सांगितलं नव्हतं, नंतरही नाही.

आणि ती खिडकीकडे तोंड करून उभी होती तेव्हा मी तिच्या तोंडापुढच्या काचेत बघितलं होतं. रडणारं माणूस ओठ दातात धरून एवढं लाल होत नाही.

मी तिला कधी विचारलं नाही. तिनं मला कधी विचारलं नाही, तो दारातला एक प्रश्न सोडला तर, आणि तोही आता आठवतो तर ती माझ्याकडं बघून विचारत होती आणि सोहेलला ऐकवत होती.

तर आता हे लिहून झालं आहे. मयूरी शेजारच्या खोलीत आहे, थोड्या वेळात इकडं येईल. सोहेलकडून शिकून मी या पानाची अक्षरं मोठी करून घेतली आहेत. खुर्चीवरची उशी काढून ठेवली आहे, तिला ती लागत नाही. आता मी खाली चहाला जातो. जाताना तिला सांगणार आहे, माझा कॉम्प्युटर चालू आहे, कशाला हात लावू नको हं.